डिस्ने : पुण्याईवर चाललेली वीस वर्षं

२१ मार्च २०२५ रोजी डिस्नेचा नवा 'स्नो व्हाइट' प्रदर्शित झाला. ज्या चित्रपटाने या कंपनीला नाव मिळवून दिलं, त्याचीच ही हाडामांसाचे नट घेऊन केलेली आवृत्ती. खर्च पंचवीस कोटी डॉलरच्या घरात आणि जगभरातला गल्ला जेमतेम वीस कोटींच्या वर. दोनच महिन्यांनी, २३ मे रोजी, 'लिलो अँड स्टिच'चा तसाच रिमेक आला आणि त्याने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. कंपनी तीच, सूत्र तेच, वर्षही तेच. त्यामुळे डिस्नेची ओढ कमी झाली का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. उत्तर शोधायला मागे जावं लागतं, आणि बरंच मागे.

ओहोटी पहिलीच नाही

डिस्नेचे दिवस भरले, असं याआधीही बोललं गेलं आहे. वॉल्ट आणि रॉय या भावांनी १९२३ साली काढलेली ही कंपनी डिसेंबर १९६६मध्ये वॉल्ट गेल्यावर पोरकी झाली. पुढची पंधरा-अठरा वर्षं 'वॉल्टने काय केलं असतं' याचाच अंदाज बांधत निर्णय होत राहिले. १९७३चा 'रॉबिन हूड' बारकाईने पाहिला तर जंगलातल्या नाचात मेड मॅरियन ज्या गिरक्या घेते, त्या १९३७च्या स्नो व्हाइटच्याच आहेत. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी जुन्या हालचाली गिरवून त्यांवर नवी पात्रं चढवली होती. १९७९मध्ये डॉन ब्लुथ हा अॅनिमेटर याच कारभाराला कंटाळून सहकाऱ्यांचा एक गट घेऊन बाहेर पडला. १९८५चा 'द ब्लॅक कॉल्ड्रन' तिकीटबारीवर आपटला, तेव्हा अॅनिमेशन विभाग चालू ठेवायचा की नाही इथपर्यंत गोष्ट आली होती.

त्यातून कंपनी सावरली ती बाहेरून आलेल्या माणसांमुळे. १९८४मध्ये मायकेल आइस्नर आणि फ्रँक वेल्स कारभार पाहू लागले. हॉवर्ड अॅशमन आणि अॅलन मेन्केन ही गीतकार-संगीतकाराची जोडी रंगभूमीवरून आली. गाणं हे कथेतलं विसाव्याचं ठिकाण नसून कथा तिथेच पुढे सरकली पाहिजे, हा अॅशमनचा आग्रह होता. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी रसिकाला ही रीत ओळखीची वाटेल. १९८९मध्ये 'द लिटिल मर्मेड' आला. १९९१च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात 'ब्यूटी अँड द बीस्ट' अर्धवट अवस्थेतच दाखवला गेला. मध्येच रंगीत दृश्यं संपत आणि पडद्यावर पेन्सिलीची कच्ची रेखाटनं हलू लागत. तरीही खेळ संपल्यावर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. रंग भरायच्या आधीच गोष्ट मनाची पकड घेत होती. अॅशमन मात्र तोपर्यंत गेला होता. पुढे 'अलादीन' आणि १९९४चा 'द लायन किंग' आले, आणि एका पिढीचं बालपण या कंपनीने व्यापून टाकलं.

आपल्याकडे ती लाट दूरदर्शनवरून आली. नव्वदच्या दशकात रविवारी हिंदीतून 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' लागायचे आणि चाळीत, वाड्यात, कॉलनीत तेवढा वेळ मैदानं ओस पडायची. अंकल स्क्रूजच्या नाण्यांनी भरलेल्या तिजोरीचं आम्हाला जितकं अप्रूप होतं, तितकं खऱ्या श्रीमंतांचंही नव्हतं.

फ्लोरिडातला बंद झालेला स्टुडिओ

'लिलो अँड स्टिच'ची जन्मकथा सविस्तर सांगायला हवी, कारण पुढच्या वीस वर्षांची किल्ली तीत आहे. मूळ चित्रपट २००२चा. तो कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयापासून दूर, फ्लोरिडात ऑरलँडोच्या डिस्ने पार्कमधल्या छोट्या स्टुडिओत झाला. तिथे पर्यटक काचेपलीकडून अॅनिमेटरना काम करताना पाहत. बजेट आठ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या अॅनिमेशनपटांच्या मानाने कमी. पैसा कमी, म्हणून वरिष्ठांची लुडबुडही कमी. क्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस या दिग्दर्शकांनी पार्श्वभूमी जलरंगात रंगवून घेतली. डिस्नेच्या चित्रपटात ही पद्धत चाळीसच्या दशकानंतर वापरातच नव्हती. गोष्टीत राजकन्या नव्हती, राजवाडा नव्हता. हवाई बेटावरच्या दोन अनाथ बहिणी होत्या. थोरली नोकरी टिकवत धाकटीला वाढवते आहे, आणि सरकारी अधिकारी धाकटीला तिच्यापासून काढून घेईल अशी टांगती तलवार आहे. त्या घरात परग्रहावरचं एक उपद्रवी जनावर येऊन पडतं. दोघी एकमेकींवर किंचाळतात, दारं आपटतात, आणि मग उशीत तोंड खुपसून ओरडून घेतात. ही भांडणं इतकी खरी आहेत की बहीण-भाऊ असलेल्या कुणालाही आपलं घर आठवावं.

चित्रपट चालला. तरीही २००४च्या सुरुवातीला कंपनीने तो फ्लोरिडाचा स्टुडिओ बंद केला. संगणकावरच्या अॅनिमेशनचा जमाना आला होता आणि हाताने चित्रं काढणारे हात नकोसे झाले होते. सँडर्स आणि डेब्लॉइस यांनी पुढे ड्रीमवर्क्ससाठी 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन' केला. त्याच २००४मध्ये वॉल्टचा पुतण्या रॉय ई. डिस्ने आइस्नरविरुद्ध उभा राहिला आणि भागधारकांच्या सभेत ४० टक्क्यांहून अधिक मतं आइस्नरच्या विरोधात गेली. म्हणजे ज्या काळात घर आतून पोखरलं जात होतं, त्याच काळात काचेमागे बसून काही माणसं अशी गोष्ट रंगवत होती, जिच्यावर २०२५ साली शंभर कोटी डॉलर मिळणार होते.

विकत घेतलेली ओढ

२००५मध्ये आइस्नरच्या जागी बॉब आयगर आले आणि त्यांनी वेगळा मार्ग धरला. ओढ निर्माण करायला वेळ लागतो. ती जिथे आहे तिथून विकत घेता येते. २००६मध्ये ७४० कोटी डॉलरना पिक्सार, २००९मध्ये ४०० कोटींना मार्व्हल, २०१२मध्ये साधारण तेवढ्यालाच 'स्टार वॉर्स'ची लुकासफिल्म, आणि २०१९मध्ये ७,१३० कोटींना ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा मोठा भाग. पिक्सारची खरेदी सर्वांत फळाला आली. पिक्सारच्या एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्या हाती डिस्नेचा अॅनिमेशन विभागही आला आणि तिथे पुन्हा गोष्टीवर काम होऊ लागलं. २०१३च्या 'फ्रोजन'मध्ये एल्सा आधी खलनायिका होती. तिच्या तोंडी घालण्यासाठी लिहिलेलं एक गाणं इतकं जिव्हाळ्याचं निघालं की पात्र बदललं आणि पात्रासाठी कथाच नव्याने बांधली गेली. गाणं ऐकून पटकथा बाजूला ठेवायची मुभा आणि उसंत तेव्हा या कंपनीत होती.

२०१९ हे या मार्गाचं शिखर. त्या एका वर्षात डिस्नेच्या सात चित्रपटांनी प्रत्येकी शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पण ती यादी वाचली की मन थोडं खट्टू होतं. 'अॅव्हेंजर्स : एंडगेम', 'कॅप्टन मार्व्हल', 'लायन किंग', 'अलादीन', 'टॉय स्टोरी ४', 'फ्रोजन २' आणि 'स्टार वॉर्स'चा नववा भाग. सातांपैकी एकही गोष्ट अशी नव्हती, जिच्या जगाची प्रेक्षकाला आधी ओळख नव्हती. उत्पन्नाचं शिखर आणि नव्या कल्पनांचा दुष्काळ एकाच वर्षी आले, म्हणून दुष्काळ कुणाच्या लक्षात आला नाही.

उदंड झालं तेव्हा

नोव्हेंबर २०१९मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एक कोटी लोकांनी नोंदणी केली. चार महिन्यांत कोविडने थिएटरं बंद केली. 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे पिक्सारचे लागोपाठचे तीन चित्रपट अमेरिकेत थेट घरच्या पडद्यावर गेले. तिन्ही चांगले होते. त्यांना थिएटर मिळालं नाही याची हळहळ वाटते. पण त्यातून पालकांना एक सवय लागली : पिक्सारचा चित्रपट थोड्या दिवसांत घरीच येतो, मग चार जणांचं तिकीट आणि पॉपकॉर्न कशाला? दुसरीकडे अॅप भरत राहायचं म्हणून मार्व्हल आणि 'स्टार वॉर्स'च्या मालिकांचा रतीब सुरू झाला. पुढचा चित्रपट कळायला आधीच्या तीन मालिका पाहिलेल्या असाव्या लागतील, अशी स्थिती आली. पूर्वी डिस्ने आपले जुने चित्रपट वर्षानुवर्षं कपाटात ठेवून अधूनमधून थिएटरात आणत असे. त्या वाट पाहण्यातही गोडी होती. ती गोडी कंपनीने स्वतःच्या हाताने घालवली.

२०२३ हे कंपनीचं शताब्दी वर्ष, आणि त्याच वर्षी हिशेब समोर आला. 'द मार्व्हल्स' मार्व्हल मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. शताब्दीसाठी म्हणून केलेला 'विश' जुन्या चित्रपटांच्या आठवणींनी गच्च भरलेला होता, आणि त्यात स्वतःचं असं फार थोडं होतं. जगभरच्या कमाईत युनिव्हर्सलने डिस्नेला मागे टाकलं. नोव्हेंबर २०२२मध्ये, आयगर यांच्यानंतर प्रमुख झालेल्या बॉब चॅपेक यांना हटवून आयगर यांना परत बोलावलं होतंच. आता सात हजार नोकऱ्या कापल्या गेल्या. याच काळात शाळांमधल्या लैंगिकतेविषयक कायद्यावरून फ्लोरिडाच्या राज्यपालांशी वाद झाला, आणि डिस्ने फार पुरोगामी झालं म्हणून एका बाजूने व पुरेसं ठाम राहिलं नाही म्हणून दुसऱ्या बाजूने टीका झाली. त्याने काही प्रेक्षक दुरावले असतील. पण 'विश' या वादामुळे कोसळला नाही. त्यातली गोष्टच कुणाला आठवण्याजोगी नव्हती.

पार्कची कथा थोडक्यात सांगता येते. १९५५मध्ये डिस्नेलँडचं प्रवेशशुल्क एक डॉलर होतं. आज गर्दीच्या दिवशी ते दोनशेच्या वर जातं. रांग टाळण्याची सोय १९९९पासून फुकट होती, २०२१पासून तिला पैसे पडू लागले. तरीही गर्दी आहे. २०२४च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या व्यावसायिक नफ्यातला जवळपास ६० टक्के वाटा पार्क, क्रूझ आणि संबंधित उद्योगांचा होता. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या हाँगकाँग, पॅरिस आणि अमेरिकेच्या दौऱ्यांतही डिस्नेलँडचा दिवस असतो. पण पार्क ओढ निर्माण करत नाही, ती वसूल करतो. मूल तिथे जातं ते पडद्यावर भेटलेल्या कुणाला तरी भेटायला.

क्रिकेटसाठी आलेले पाहुणे

भारतात या ओढीची कसोटी आणखी स्पष्ट झाली. फॉक्सबरोबर स्टार इंडिया आली, म्हणजे आपली 'स्टार प्रवाह' वाहिनीही २०१९ ते २०२४ डिस्नेच्या मालकीची होती. एप्रिल २०२०मध्ये हॉटस्टारला डिस्नेचं नाव जोडलं गेलं. २०२२च्या सप्टेंबरअखेरीस त्याचे सशुल्क सदस्य ६.१३ कोटी होते. मग आयपीएलचे डिजिटल हक्क व्हायकॉम १८कडे गेले आणि वर्षभरात सदस्य ३.७६ कोटींवर आले. जे गेले ते मिकी माउससाठी आलेलेच नव्हते. नोव्हेंबर २०२४मध्ये रिलायन्सबरोबर विलीनीकरण पूर्ण झालं, डिस्नेकडे साधारण ३७ टक्के हिस्सा उरला, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार आलं तेव्हा अॅपच्या नावातून डिस्ने गळून पडलं.

लहान मुलांच्या वाहिन्यांचंही तसंच. डिस्नेच्या मालकीच्या हंगामा आणि डिस्ने चॅनलवर आपल्याकडची मुलं खिळून बसली ती डोरेमॉन पाहायला, आणि तो जपानी. हे फक्त भारतात घडलं असंही नाही. २०२४मध्ये अमेरिकेत ओटीटीवर सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका डिस्ने प्लसवरची 'ब्लुई' होती, आणि ती ऑस्ट्रेलियातल्या एका स्टुडिओची निर्मिती. दुकान डिस्नेचं, पण मुलं मागतात तो माल दुसऱ्याचा.

उलट जिथे डिस्नेने गोष्ट नीट सांगितली, तिथे इथला प्रेक्षक धावून आला. २०१६चा 'द जंगल बुक' भारतात अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला आणि तोवरच्या हॉलीवूडपटांत इथला सर्वाधिक कमाईचा ठरला. त्यात शेर खानला हिंदी आवाज नाना पाटेकरांचा होता. दूरदर्शनवरच्या जपानी 'जंगल बुक'मध्येही शेर खान त्यांच्याच आवाजात गुरगुरायचा, त्यामुळे आई-बाप आणि मुलं एकाच आवाजाने थिएटरात खेचली गेली.

नवं कोण?

२०२४ आणि २०२५ने कंपनीला पैसा परत दिला. 'इन्साइड आउट २', 'मोआना २', 'झूटोपिया २' तिन्ही शंभर कोटींच्या पार. 'मोआना २' तर आधी ओटीटी मालिका म्हणून सुरू झाला होता. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याचा चित्रपट करायचं जाहीर झालं आणि नोव्हेंबरात तो थिएटरात होता. याच काळात पिक्सारची नवी गोष्ट 'एलिओ' आली आणि पहिल्या आठवड्यातली कमाई पिक्सारच्या इतिहासातली सर्वांत कमी ठरली. लोकांना ओळखीचंच हवं, असा निष्कर्ष कंपनीत काढला जाईल. मला तो चुकीचा वाटतो. २०२५मध्येच नेटफ्लिक्सवरचा 'केपॉप डीमन हंटर्स' ही पूर्ण नवी गोष्ट घेऊन जगभरच्या मुलींच्या ओठांवर गेला. आपल्याकडे 'महावतार नरसिंह' या अॅनिमेशनपटाला घरंच्या घरं गेली. डिस्नेचाच २०२३चा 'एलिमेंटल' पहिल्या आठवड्यात पडला म्हणून हिणवला गेला आणि तोंडी प्रसिद्धीवर जवळपास पन्नास कोटी डॉलरपर्यंत पोहोचला. नव्या गोष्टीला लोक येतात. त्यांना यायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची तयारी डिस्नेत उरलेली नाही.

'लिलो अँड स्टिच'च्या रिमेकमध्ये शेवटी थोरली बहीण शिकायला दूर निघून जाते आणि धाकटी शेजारणीकडे राहते. मूळ चित्रपटाचा सगळा जीव त्या दोघींनी एकत्र राहण्यात होता. तरीही मुलांनी गर्दी केली, कारण स्टिचवरचं प्रेम २००२पासून साठत आलं होतं. हीच डिस्नेची आजची अवस्था आहे. ओढ आटलेली नाही, पण ती ज्यांनी कमावली त्यांची पुण्याई खर्च होते आहे आणि तिच्यात नवी भर पडताना फारशी दिसत नाही.

घराघरात, तीन पिढ्यांनी एकत्र बसून एकच गोष्ट पाहावी असं फार थोडं उरलं आहे. डिस्नेने ते अनेक दशकं दिलं, म्हणून या कंपनीचं काय होतं याची मला मनापासून काळजी वाटते. तिची प्रकृती मोजायला मी शेअरचा भाव पाहत नाही. डिस्नेच्या अॅनिमेशनमधून आलेलं आणि मुलांनी जिवाभावाचं मानलेलं शेवटचं नवं नाव मला २०२१च्या 'एन्कांटो'तल्या मिराबेलचं आठवतं. पुढची काही वर्षं असं दुसरं नाव आलं नाही, तर सीक्वेलांनी कितीही कोटी मिळवले तरी २०४५च्या मुलांसाठी रिमेक करण्याजोगं या कंपनीकडे काही नसेल. आज कुठल्यातरी कोपऱ्यात, कमी पैशात, कुणी लुडबुड करत नाही अशा खोलीत दोन-चार माणसं नवी गोष्ट रंगवत असतील, तर डिस्नेने आपलं पहिलं काम म्हणून ती खोली सांभाळली पाहिजे.