उल्हास खोऱ्यातील वलगण : चढणीच्या माशांची मासेमारी आणि नदीचे आरोग्य

प्रस्तावना

डेन्मार्कमधील ओढ्यांत ट्राऊट व ग्रेलिंग हे मासे पकडण्यासाठी पिसे व धागा गुंडाळून कीटकासारखा बनविलेला कृत्रिम गळ वापरला जातो. हे मासे थंड व प्राणवायूने समृद्ध अशा पाण्यातच जगतात. उत्तर कोकणातील उष्ण प्रवाहांत त्यांचे अस्तित्व संभवत नाही. तथापि, ओढ्यातील माशाचे जीवनचक्र ओळखून मासेमारी करण्याची परंपरा अंबरनाथ-बदलापूर परिसरातही आहे. ‘वलगण’ या नावाने ती परिचित आहे. या परंपरेचे स्वरूप आणि तिच्यापुढील संकट यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वलगणीचे स्वरूप

राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण या मार्गाने वसईच्या खाडीस मिळते. १९२२ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून सोडले जाणारे पाणी या नदीत येत असल्याने उन्हाळ्यातही तिचा प्रवाह टिकून राहतो. जूनमधील पहिल्या जोरदार सरींनंतर ओढे, भातखाचरे व नदी यांचे पाणी एकमेकांस मिळते. पाण्याचे घटलेले तापमान, वाढलेली पातळी व गढूळपणा हे माशांच्या दृष्टीने प्रजननाचे संकेत होत. शिंगटी, खवली, मुऱ्या यांसारखे मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात अंडी घालतात. तेथे पिलांना सूक्ष्मजीवांचे विपुल अन्न मिळते आणि मोठ्या माशांचे भय कमी असते.

याच वेळी पाग टाकून, बांधाच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावून किंवा रात्री उजेडाच्या साहाय्याने हातांनी मासे पकडले जातात. ठाकूर व कातकरी कुटुंबांसाठी पावसाळ्याच्या आरंभीचे हे महत्त्वाचे अन्न होय. गाबोळीने भरलेल्या माशाला विशेष मागणी असते. परंतु अशा प्रत्येक माशाबरोबर पुढील पिढीचाही काही भाग ताटात येतो. मासे विपुल होते तोवर ही हानी नदी सहज भरून काढीत असे. आज तशी स्थिती राहिलेली नाही.

अडलेली वाट

पहिला अडथळा बांधकामांचा आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेले बारवी धरण आणि बदलापूर येथील बंधारा यांवर या परिसराची तहान भागते. त्यांची आवश्यकता वादातीत आहे. मात्र धरणाची भिंत माशाला ओलांडता येत नाही आणि कमी उंचीचा बंधारा मोठ्या पुरात बुडतो तेवढ्या काळापुरतीच वाट देतो.

दुसरा अडथळा दूषित पाण्याचा आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी शके ९८२ (इ.स. १०६०) मधील शिवमंदिरालगत वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. औद्योगिक व नागरी सांडपाण्याने तिचा खालचा प्रवाह जवळजवळ निर्जीव झाला. २०१४ मध्ये तिच्या पात्रात बेकायदा सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरातील अनेक रहिवाशांना वायुबाधा झाली. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंडात्मक आदेश दिला. भिंत नसतानाही अशा पट्ट्यातून मासा वर चढू शकत नाही. प्राणवायूचा अभाव हीच तेथील भिंत ठरते.

डेन्मार्कचा अनुभव

डेन्मार्कमध्ये गुडेनो नदीवर १९२०च्या सुमारास टांगे येथे वीजनिर्मितीसाठी धरण झाले आणि तेथील मूळ सामन मासा नामशेष झाला. उलटपक्षी, १९६०च्या दशकात सरळ कालव्यासारखी केलेली स्केर्न नदी १९९९ ते २००२ या काळात पुन्हा वळणदार करण्यात आली. ट्राऊटच्या हिवाळी प्रजननकाळात तेथे मासेमारीस बंदी असते. अर्थात तेथील गळ बहुधा छंदाचा असतो, येथील पाग अन्नाचा. म्हणून सरसकट बंदीचे अनुकरण न्याय्य ठरणार नाही. गाबोळीचा मासा सोडून देणे, ओढ्याचे संपूर्ण तोंड सापळ्यांनी न अडविणे आणि विष किंवा स्फोटके न वापरणे हे नियम ग्रामसभांच्या संमतीने रुजविता येतील.

समारोप

कृत्रिम गळ वापरणारा मासेमार प्रथम पाण्यातील कीटक पाहतो, कारण मासा तेच खातो. दगडाखाली मेफ्लायसारख्या कीटकांच्या अळ्या सापडणे हे सामान्यतः प्राणवायूयुक्त पाण्याचे लक्षण आहे. केवळ लाल अळ्या व गांडूळवर्गीय कृमी उरणे हे दूषिततेचे. या निरीक्षणास महागडी उपकरणे लागत नाहीत. परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी वालधुनीचा अंबरनाथच्या वरचा प्रवाह, उल्हासनगरचा पट्टा आणि बदलापूरजवळील उल्हास येथे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशा नोंदी घेतल्यास नदीच्या सुधारणेचे किंवा ऱ्हासाचे सलग चित्र उपलब्ध होईल. वलगणीची वेळ, ठिकाणे आणि मिळणारे मासे यांविषयी ठाकूर-कातकरी मासेमारांकडे असलेली माहिती त्या नोंदींना जोडली पाहिजे. नदीत पूर्वी काय होते, हे सांगणारे तेच सर्वांत जवळचे जाणकार आहेत.