लाईट गेल्यावरचा टेक

सकाळी 6.30. जुलैत पाचगणीत खिडकी उघडली की धुकं थेट खोलीत येतं. ओल ही गिटारची वैरीण. तारांना गंज चढतो, लाकूड फुगतं आणि रात्री जुळवलेला सूर सकाळी हललेला असतो. म्हणून आधी सुती फडकं. एकेक तार वरून-खालून पुसायची, मगच सूर लावायला बसायचं.

8.00. लॅपटॉप सुरू. त्यावर लिनक्स आहे. ऑडिओ इंटरफेस यूएसबीला लावला की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला लगेच ओळखतो, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. गिटारची वायर मात्र ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेल्या इनपुटलाच जोडायची. त्या इनपुटचा रोध साधारण दहा लाख ओहम असतो. साध्या लाईन इनपुटला जोडली तर सुरांची धार मरते, गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते.

मग डिले, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज कानात येईपर्यंतचा उशीर, बघायचा. सेकंदाला 48,000 नमुने आणि 128 नमुन्यांचा बफर म्हणजे एका फेरीला 2.7 मिलिसेकंद. आत जाऊन बाहेर येईपर्यंत सगळं मिळून आठ-दहा मिलिसेकंद होतात. अँपपासून तीन-चार पावलं लांब उभं राहून वाजवलं तर आवाज कानापर्यंत यायला एवढाच वेळ लागतो, हाताला तो खटकत नाही. पॉल डेव्हिस यांनी आर्डर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम लिहिला आणि त्यासाठी जॅक हा ध्वनी-सर्व्हरही. दोन्हींचा कोड सगळ्यांना खुला आहे. 2024 मध्ये आलेल्या 6.12 कर्नलमध्ये रिअल-टाइमची, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकण्याची, सोयही मूळ कर्नलातच आली. महागड्या गिटारपेक्षा मला हे मोलाचं वाटतं, कारण बोट आणि कान यांच्यात अंतर पडलं की वाजवणारा तालाऐवजी स्वतःलाच ऐकत बसतो.

10.00. साताऱ्याच्या एका हौशी नाटकासाठी पार्श्वसंगीत करायचंय. डोक्यावर पत्रा, पत्र्यावर पाऊस. माइक लावून काही रेकॉर्ड करायचं तर नोव्हेंबरची वाट बघावी लागेल. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, तिला स्टीलच्या तारेचं थरथरणं कळतं, हवेतला आवाज जवळपास कळत नाही. पत्रा कितीही तडतडो, ट्रॅक कोरडा येतो.

12.30. खरी डोकेदुखी आहे ती विजेची घरघर. घरातली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे घरघर 50 वर आणि त्याच्या दुपटीला, 100 वरही येते. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा सूर 98 हर्ट्झचा. फिल्टरनं 100 कापायला गेलं की तो सूरही पोकळ होतो. म्हणून गिटार हातात धरून खुर्ची हळूहळू फिरवत राहायचं, एका कोनात घरघर एकदम दबते. तिथं फरशीवर खडूची खूण करून ठेवली आहे.

2.15. लाईट गेली. आईनं हाक मारली, “अरे, आता तरी जेवून घे!” पण हीच तर टेकची वेळ! इन्व्हर्टर बंद ठेवायचा. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर, भिंतीतल्या वायरा मुक्या, घरघर गायब. बॅटरीवर आल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते, त्यामुळे आधी त्याला ‘परफॉर्मन्स’वर टाकायचं. नाटकातल्या निरोपाच्या प्रसंगाचा टेक याच वेळात मिळाला. जेवण साडेतीनला, थंड.

5.00. शेजारचा मुलगा शाळेतून येतो. “दादा, अँप कुठंय?” पडद्यावर. आर्डरमध्ये कोरडा ट्रॅक तसाच राहतो, त्याच्यापुढं गिटारिक्स हा सॉफ्टवेअरमधला अँप. 1958 मध्ये इथल्याच सेंट पीटर्स शाळेत ‘द हेक्टिक्स’ बँड निघाला, त्यात पियानोवर असलेला फारुख बुलसारा पुढं फ्रेडी मर्क्युरी झाला, हे त्याला पाठ आहे. मी त्याला फ्रेडीच्याच क्वीन बँडमधले गिटारवादक ब्रायन मे यांचं सांगितलं. वडिलांच्या मदतीनं त्यांनी आपली गिटार घरीच बनवली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. गिटार घरी बनू शकते, मग अँपही बनू दे. तो बटणं फिरवत बसला आणि त्यानं लावलेला एक आवाज मी ठेवून घेतला.

9.00. दिग्दर्शकांचा फोन. “अहो, बाईंच्या संवादाखाली गिटार फार टोचतेय.” पुन्हा वाजवायची गरज नव्हती. अँपचा गेन उतरवला, ट्रेबल कमी केला आणि दुपारचा तोच टेक मऊ करून पाठवला. दहा वाजता त्यांचा होकार आला. सगळं सेशन बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. उद्या प्रवेश दुसरा.