तक्त्यातली ओळ, विकीतले पान

शाळेची पटसंख्या असो की गावचा पाऊस, पुष्कळ नोंदी आता ऑनलाइन तक्त्यात ठेवल्या जातात. पाच-सहा जण मिळून एकच तक्ता भरतात. वर्षभराने प्रश्न पडतो : हा आकडा आला कोठून? तो बदलला का?

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे उदाहरण घेऊ. समजा, १९९१ आणि २००१ च्या जनगणनेचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे आहेत. 'जिल्हा' या रकान्यात काय लिहाल? १९९१ साली मानोरा अकोला जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. दोन्ही वर्षांसाठी 'वाशीम' लिहिले, तर अकोल्याची १९९१ ची बेरीज छापील अहवालापेक्षा कमी भरेल. इथे गणित बरोबर आहे. आकड्यामागची हकीकत तेवढी सुटली आहे.

अशा हकीकतीला विकीत जागा असते. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची, एकमेकांना जोडलेली पाने. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यातील पानाच्या 'इतिहासा'त कोणी, कधी, काय बदलले ते दिसते; का बदलले, ते 'चर्चे'त लिहिता येते.

मात्र तक्ता उचलून विकीत चिकटवल्याने काम होत नाही. आम्ही सुचवतो तो क्रम असा :

१. एका ओळीचे एक पान करावे. एकाच नावाची गावे अनेक असतात. म्हणून नावासोबत २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी गाव-क्रमांक लिहावा.
२. रकान्यांचा साचा करावा, म्हणजे सर्व पानांवर माहिती एकाच क्रमाने येईल.
३. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, एकक आणि आधार लिहावा.
४. जुना तक्ता फक्त वाचण्यापुरता ठेवावा. दुरुस्त्या दोन ठिकाणी होऊ लागल्या, तर खरा आकडा कोणता हे सांगता येणार नाही.

बेरीज, सरासरी, आलेख ही कामे तक्त्यातच सोपी जातात. रोजची हजेरीही तेथेच ठेवावी. विद्यार्थ्यांची नावे व गुण सार्वजनिक विकीत कधीही घालू नयेत.

करून पाहा : शाळेच्या पावसाच्या तक्त्यातली एकच ओळ वर्गाला द्या आणि तिचे पान लिहायला सांगा. पर्जन्यमापक कोठे होता? नोंद किती वाजता घेतली? उत्तर न मिळालेले प्रश्न चर्चेच्या पानावर लिहून ठेवा.