मालवणचे प्रवाळ : रक्षणाची भिस्त लोकांवर

मालवणनजीकच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. या किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील हा दुर्मीळ ठेवा जतन करण्यासाठी शासनाने १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे मालवण सागरी अभयारण्य घोषित केले.

प्रवाळ : दगड नव्हे, जीव

प्रवाळ दगडासारखा दिसतो. परंतु तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत होय. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. म्हणूनच प्रवाळास स्वच्छ, उथळ पाणी लागते. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो, गाळ साचला की वसाहत गुदमरते. समुद्राचे तापमान वाढल्यास शैवले निघून जातात, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता टिकून राहिल्यास मरतो. अनेक घुमटाकार जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्यामुळे क्षणात मोडलेला भाग भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागात प्रवाळभित्ती आहेत. तथापि समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जीवजाती त्यांच्या आश्रयाने जगतात. मासळीचे रक्षण आणि प्रवाळाचे रक्षण हे प्रश्न वेगळे नाहीत.

कायद्याला जोड लोकसहभागाची

अभयारण्यामुळे मासेमारीवर बंधने येतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. उपजीविकेची हमी नसेल तर संरक्षणास लोकांची साथ मिळत नाही, हा धडा यातून मिळाला. २०११ नंतरच्या दशकात शासन व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या सहकार्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर राबविलेल्या प्रकल्पात संवर्धनाची सांगड उपजीविकेशी घालण्यात आली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने खारफुटीची नौकासफर सुरू केली. खारफुटी गाळ अडविते. म्हणून तिचे रक्षण समुद्रालाही उपकारक ठरते.

पर्यटन : लाभ आणि धोका

मालवण व तारकर्ली येथे समुद्राखालील सृष्टी पाहण्यासाठी पर्यटक येतात. त्यातून नौकाचालकांना व पाणबुड्या मार्गदर्शकांना रोजगार मिळतो. परंतु प्रवाळावर टाकलेला नांगर, त्यावर ठेवलेला पाय, आठवण म्हणून तोडलेला तुकडा आणि फेकलेले प्लास्टिक यांमुळे त्या रोजगाराचे मूळच नष्ट होते. नौका बांधण्यासाठी कायमचे तरंगते खुंट, एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा व सांडपाण्याची योग्य विल्हेवाट हे उपाय स्थानिक संस्था आणि व्यावसायिक यांनी एकत्र बसून ठरविल्यासच टिकतात.

पाहुण्यांचे कर्तव्य

भोकर परिसरातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील विद्यार्थी मालवणच्या सहलीस जातील, तेव्हा प्रवाळ हा जीव आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असावे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ गोळा करणे वा विकणे गुन्हा आहे. शिक्षकांनी निघण्यापूर्वी वर्गात एक तास या विषयाला दिला आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या सूचना पाळण्याची शिस्त लावली, तर सहलीचा खर्च सार्थकी लागेल व किल्ल्याभोवतीची ही वसाहतही सुरक्षित राहील.