उरल्यासुरल्याची खेळणी

सुगी संपली की आमच्या सणसवाडीच्या खळ्यावर कडब्याची गंज उभी राहायची आणि आम्हा पोरांच्या हातांना काम मिळायचं. जोंधळ्याचं चांगलं जाड ताट निवडायचं, दातांनी साल सोलायची. साल पात्यासारखी धारदार, ओठ नाहीतर बोट कापल्याशिवाय काम पुरं होत नसे. सालीच्या काड्या एका बाजूला ठेवायच्या, आतला पांढरा हलका भेंड दुसऱ्या. भेंडाचे तुकडे करून त्यांत काड्या खुपसत गेलं की साटी, जू, दांडी असं एकेक उभं राहायचं आणि दुपार कलेपर्यंत बैलगाडी तयार व्हायची. काड्या उरल्या तर चष्मा. भेंड फाटून माझी गाडी पुन्हापुन्हा मोडायची, तेव्हा बाजेवर बसलेल्या आबांनी एकदा एवढंच सांगितलं, ‘काडीचं टोक तिरकं छाट.’ मग ती फाटली नाही. आज इतक्या वर्षांनी मला त्या गाडीपेक्षा ते तिरकं छाटलेलं टोक जास्त आठवतं.

घरच्या खेळण्यांचा महाराष्ट्रभरचा पट पाहिला तर एक गोष्ट सगळीकडे दिसते. खेळण्यासाठी म्हणून सामान कुणी आणत नव्हतं. मोठ्यांचं काम आटोपल्यावर जे उरायचं, त्याचंच खेळणं व्हायचं. कडबा उरला त्याची गाडी, लुगडं विरलं त्याची बाहुली, पोळ्याच्या बैलांसाठी चिखल कालवला त्यातल्याच एका गोळ्याचं वासरू. आंबा खाऊन टाकलेल्या कोयीला पावसात कोंब फुटला की ती दगडावर घासून पिपाणी वाजवायची. बाभळीच्या काट्यात पान टोचून भिंगरी करायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेला पळत सुटायचं. चिंचोके, सागरगोटे, फुटक्या बांगड्यांच्या काचा यांना तर करणावळही लागत नसे. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. सावंतवाडीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि रंगीत फळं होतात. पण तो पिढीजात कारागिरांचा व्यवसाय आहे. मला लिहायचं आहे ते घरातल्या हातांबद्दल.

त्या हातांत बायकांचे हात सर्वांत पुढे होते. बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी आई दुपटी, झबली, कुंच्या शिवायची. नवं कापड अंगाला टोचतं म्हणून मुद्दाम जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं निवडायचं. आजीची गोधडी म्हणजे एकावर एक अंथरलेली लुगडी आणि धोतरं, त्यांवर धावदोरा, ओळीमागून ओळ. एका गोधडीला कित्येक दुपारी लागत. शेजारणी येऊन बसायच्या, गप्पा मारता मारता आपापल्या बाजूचा टाका घालायच्या. भेट एका घरातून जायची, टाके मात्र चार घरांचे असायचे.

आणि हलव्याचे दागिने! नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला दिली जाणारी इतकी नाजूक घरगुती भेट आपल्याकडे दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. खसखस किंवा तीळ परातीत घ्यायचे, शेगडीची आच अगदी मंद ठेवायची आणि साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडत बोटांनी दाणे फिरवत राहायचं. आच वाढली की दाणा पिवळा पडतो, पाक जास्त झाला की गोळे होतात. थर वाळत जाईल तसा दाण्यावर काटा धरतो. एका दिवसात हे होत नाही. मग काळ्या कापडावर नाहीतर दोऱ्यात ते दाणे गुंफून मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बाळाला मुकुट आणि बासरी. आता हे दागिने विकत मिळतात आणि ते करून घर चालवणाऱ्या बायकांचं मला मनापासून कौतुक आहे. पण घरातल्या लहान मुलीला काटा कसा धरतो ते पाहायला मिळत नाही, ते नुकसान वेगळंच.

या हातकामात शिक्षण आहे हे आपल्याकडे काहींनी फार लवकर ओळखलं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरीची विकतची साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, बांबू अशा आसपासच्या वस्तूंतूनच मोजायला, लावायला आणि ओळखायला शिकवणारी साधनं त्यांनी घडवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचारही तिथलाच.

आमच्या शिरूर तालुक्यातलं उदाहरण याहून वेगळं. शिक्रापूरहून उत्तरेला गेलं की पाबळ लागतं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला आणि शाळेतल्या मुलांच्या हाती वेल्डिंग, सुतारकाम, शेती, स्वयंपाक, वीजजोडणी अशी खरी कामं देऊ लागला. 2002 मध्ये तिथे अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. खेळणी हा काही आश्रमाचा विषय नव्हे. पण हात चालला की डोकं चालतं, ही गोष्ट आमच्या तालुक्यात अभ्यासक्रम म्हणून शिकवली गेली, हे आमच्याच गावातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

खेळणी हाच विषय घेऊन जन्म काढला तो अरविंद गुप्तांनी. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्याच्या टेल्कोत नोकरी, 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि गावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंकडे बघू लागले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, घन, घरं केली. त्रिकोण दाबला तर हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे मुलाच्या बोटांना कळतं, मग छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात ते सांगावं लागत नाही. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, पु. ल. देशपांडे यांची आठवण जपणाऱ्या ‘पुलस्त्य’ या वास्तूत, त्यांनी टाकाऊतून शेकडो खेळणी करून दाखवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक करामत कुणीही घरी करावी: शीतपेयाची नळी घ्या, एक टोक दाबून चपटं करा, दोन्ही कडा तिरक्या कापा आणि ओठात धरून फुंका. पुंगी वाजते. वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाकडून कात्रीने नळी कापत जा, सूर चढत जातो.

आता सणसवाडीत परत येतो. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आले, जोंधळा मागे हटला, गंज दिसेनाशी झाली. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. उरलंसुरलं मात्र आहेच, फक्त त्याचं रूप बदललंय. पुठ्ठ्याची खोकी, पॅकिंगची पट्टी, दोऱ्याची रिकामी रिळं, बाटल्यांची झाकणं, झिजलेल्या बेरिंग. फळीखाली तीन बेरिंग ठोकून उतारावरून खडखडत येणारा गाडा मी अजून पाहतो, आणि त्याच्या आवाजाने माझा जीव आधी सुखावतो, मग रस्त्यावरचे कंटेनर आठवून घाबरतो.

सामान आहे, पोरांची हौस आहे. कमी पडलाय तो बाजेवरचा आबा. तीन पाळ्यांत नवरा-बायको आलटून पालटून कामाला, घरी असेल तो झोपलेला. शाळेत कार्यानुभवाचा प्रकल्प दिला की आदल्या रात्री दुकानातून तयार मॉडेल येतं आणि त्यालाच चांगले गुण पडतात. यात मी आईबापांना दोष देत नाही. पण शिक्षकांनी वाकड्या, खळ सांडलेल्या, मुलाच्या हातच्या घराला जास्त गुण द्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दिवाळीचा किल्ला अजून टिकून आहे, आणि माझ्या मते त्याचं कारण साधं आहे: कंपन्यांना सुट्टी असते. दगड-विटांची चळत, तिच्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, पाच-सहा दिवस आधी पेरलेले अळीव किंवा मोहरी, बुरूज, गुहा, शिखरावर महाराज. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक जवळच, त्यामुळे आमच्याकडे किल्ल्याला जरा जास्तच भक्तीने माती लागते. चिखलात बापाचे हात कोपरापर्यंत गेलेले असतात आणि मूल त्याला सूचना देत असतं. वर्षातले हे चारच दिवस असे येतात. आकाशकंदिलाचं तसं झालं नाही. बांबूच्या कामट्या तासणं, सुतळीने बांधणं, गव्हाच्या खळीने पतंगी कागद चिकटवणं याला जाणता माणूस लागतो, आणि रस्त्याकडेला प्लास्टिकचा कंदील टांगलेलाच असतो.

कारखान्याच्या गावात एक काळजी मात्र घ्यावीच लागते. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या विकतच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. घरच्या खेळण्याची तपासणी आपणच करायची. तेलाचा किंवा रसायनाचा वास येणारं खोकं, डबा, फोम घरात आणायचा नाही. खोक्याच्या पिना पकडीने काढायच्या. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ मणी, झाकणं ठेवायची नाहीत, आणि बटणासारखे सेल तर कोणत्याच लहान मुलाजवळ नकोत.

मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीत भाड्याने राहणारा एक ट्रकचालक रात्रपाळी करून आला आणि न झोपता ओट्यावर बसला. पुठ्ठ्याचं खोकं, झाकणांची चाकं, छत्रीची तार आसाला. तार पुठ्ठ्यात घालताना भोक फाटत होतं. त्याने नळीचा तुकडा कापून आधी भोकात बसवला, मग त्यातून तार ओवली. चाकं फिरली. मुलाने ट्रक ओट्यावरून एकदा नेला, थांबला, बापाच्या रोजच्या गाडीशी ताडून पाहिला आणि म्हणाला, ‘पप्पा, मागं आणखी आठ चाकं लागतील.’ बाप उठला आणि झाकणं मागायला शेजारच्या दारात गेला.