बिझली गावातली कादंबरीकार आणि निराधार कुत्री

जिली कूपर (१९३७–२०२५) या इंग्लंडमधल्या अतिशय लोकप्रिय प्रणयकथाकार. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचं निधन झालं, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांनी त्यांच्या कादंबऱ्यांतल्या शृंगाराचीच उजळणी केली. ग्लॉस्टरशर परगण्यातल्या बिझली या खेड्यात त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं कुत्र्यांच्या सोबतीनं काढली, ही बाजू मात्र एखाद्या वाक्यात उरकली गेली. हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या लेखनात कोण चांगलं आणि कोण वाईट हे ठरतं, ते मुक्या जनावराशी माणूस कसा वागतो यावरून.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात सांगता येतात. जन्म एसेक्समध्ये, बालपण यॉर्कशरमध्ये. १९६१मध्ये लष्करी इतिहासाचे प्रकाशक लिओ कूपर यांच्याशी विवाह. १९६९पासून ‘संडे टाइम्स’मध्ये स्तंभलेखन आणि १९७५च्या ‘एमिली’पासून नायिकेचंच नाव दिलेल्या छोट्या प्रणयकादंबऱ्या. १९७०मध्ये ‘रायडर्स’ या मोठ्या कादंबरीचं हस्तलिखित लंडनच्या बसमध्ये विसरलं आणि ते पुन्हा कधीच मिळालं नाही.

खरं महत्त्वाचं आहे ते त्यानंतरचं, १९८१ ते १९९१ हे दशक. १९८१मध्ये मिश्र जातीच्या कुत्र्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. जातिवंत कुत्र्यांच्या प्रदर्शनांचं आणि वंशावळींचं मोठं कौतुक असलेल्या देशात, ज्यांचा बाप कोण हेही ठाऊक नाही अशा कुत्र्यांची हुशारी आणि निष्ठा त्यांनी मालकांनी सांगितलेल्या हकिकतींमधून मांडली. १९८२मध्ये कूपर कुटुंब लंडनमधलं पटनी सोडून बिझलीतल्या जुन्या दगडी घरात राहायला गेलं. १९८३मध्ये युद्धात राबलेल्या प्राण्यांवरचं ‘अ‍ॅनिमल्स इन वॉर’ प्रसिद्ध झालं, तर १९८४मध्ये पटनीच्या माळावर रोज कुत्री फिरवताना लिहिलेल्या नोंदी ‘द कॉमन इयर्स’ या नावानं पुस्तकरूपात आल्या. नव्यानं लिहिलेली ‘रायडर्स’ प्रसिद्ध झाली ती यानंतर, १९८५मध्ये.

हा क्रम समीक्षकांनी कधी ध्यानात घेतला नाही. ‘रायडर्स’मधला रूपर्ट कॅम्बेल-ब्लॅक देखणा, श्रीमंत आणि निष्ठुर आहे; तो घोड्यांना चाबकानं वठणीवर आणतो. त्याचा प्रतिस्पर्धी जेक लव्हेल गरीब आणि अबोल असला, तरी भेदरलेला घोडा त्याच्या हाताखाली शांत होतो. कादंबरीतला झगडा बायकांवरून जितका आहे, तितकाच या दोन प्रकारच्या हातांवरून आहे. पुढे ‘रायव्हल्स’ (१९८८) आणि ‘पोलो’ (१९९१) या कादंबऱ्यांतही कुत्री-घोडी शोभेपुरती येत नाहीत. त्यांना नावं आहेत, स्वभाव आहेत, आणि ती मेली की घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख होतं. २०१५मध्ये ‘रायडर्स’च्या नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पुरुषाचा हात थोडा वर सरकवला गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यावर रकाने भरले. पुस्तकातल्या घोड्यांच्या वाट्याला तेवढी शाई कधीच आली नाही.

या कादंबऱ्यांचं लेखन बिझलीच्या घराच्या बागेतल्या एका छोट्या खोलीत, ‘मोनिका’ नावाच्या साध्या टाइपरायटरवर झालं. पायाशी कुत्री असत आणि दिवसाची घडी त्यांच्या फिरण्याच्या वेळांवर बसलेली असे.

नंतरची वर्षं पुस्तकांची आणि सन्मानांची. ‘अ‍ॅनिमल्स इन वॉर’मधून प्रेरणा घेऊन लंडनच्या हाइड पार्कलगत युद्धातल्या प्राण्यांचं स्मारक उभं राहिलं आणि त्याच्या निधीसाठी कूपर स्वतः झटल्या. २००४मध्ये त्याचं अनावरण झालं. वक्राकार दगडी भिंतीतल्या फटीकडे ओझ्यानं वाकलेली दोन कांस्याची खेचरं जाताना दिसतात. पलीकडे घोडा आणि कुत्रा. २०१०च्या ‘जंप!’मध्ये एका विधवेला बर्फात झाडाला बांधून टाकलेली जखमी घोडी सापडते. तिला सोडवणं आणि बरं करणं हाच त्या कथेचा कणा आहे. पार्किन्सनच्या दीर्घ आजारानंतर लिओ २०१३मध्ये गेले. नंतरही कूपर लिहीत राहिल्या. २०२४मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

या काळात त्यांच्या घरी शर्यतीतून बाद झालेली ग्रेहाउंड कुत्री आली. फेदर आणि ब्लूबेल ही नावं त्यांच्या वाचकांना परिचित आहेत. ग्रेहाउंड चार-पाच वर्षांचं झालं की त्याची धाव सरते. आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचं असतं. उरलेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न या धंद्यानं नेहमी दुसऱ्यांवर ढकलला. डरहॅम परगण्यातल्या सीहॅम इथे हजारो निवृत्त ग्रेहाउंड मारून पुरल्याचं २००६मध्ये उघडकीला आलं. कुत्राघरात वाढलेल्या या कुत्र्याला जिना चढणं ठाऊक नसतं, काचेचं दार कळत नाही. तो घराला सरावायला वेळ आणि सबुरी लागते, आणि ती पैशानं विकत मिळत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये पिल्लांच्या किमती भडकल्या. हौस फिटल्यावर त्यांतली बरीच शेल्टरच्या दारात आली. जातिवंत पिल्लू आधी छायाचित्रात शोभतं की नाही हे पाहणाऱ्या आजच्या काळाला कूपर यांचं १९८१चं पुस्तक जुनं वाटेल, पण गरज त्याचीच आहे. ग्रेहाउंडांच्या बाबतीत सांगायचं तर, वेल्सच्या सरकारनं फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांच्या शर्यतींवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. कूपर यांच्या हयातीत इंग्लंडनं मात्र तसं पाऊल उचललं नाही.

कूपर यांना केवळ शृंगाराची लेखिका ठरवणं म्हणजे त्यांचं अर्धं काम पुसून टाकणं आहे. ज्यांना कुणी घेत नाही अशा जीवांना घर देणं, ही त्यांच्या कथांची आणि आयुष्याची एकच रीत होती. त्यांचं मूल्यमापन पुन्हा व्हायला हवं, आणि ते ‘अ‍ॅनिमल्स इन वॉर’पासून सुरू व्हायला हवं.