गोन्सालो घाबरला असेल का?

लेखांक ११

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चं कबूल केलेलं प्रकरण या आठवड्यापुरतं थांबेल. नंदाखालहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो मागे ठेववत नाही: वसईच्या संतावर कादंबरी लिहायला घेतली आणि मरणाआधी तो घाबरला, देवावर रुसला असं दाखवलं, तर ती निंदा ठरेल का? फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त पाद्रीगुरूला शंका विचारणारा ब्राह्मण गेल्या वेळी भेटला. हा प्रश्न त्याच घराण्यातला.

संत म्हणजे अर्थात गोन्सालो गार्सिया. वसईतल्या ख्रिस्ती मुलांना त्याची गोष्ट सांगावी लागत नाही. बाप पोर्तुगीज, आई इथली, शिक्षण जेजुइटांकडे, पुढे जपान. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी या रक्तसाक्षींना संत म्हणून घोषित केलं.

चरित्र वाचताना आपण जिथून भरभर पुढे सरकतो, कादंबरी नेमकी तिथे असते. गोन्सालोला जेजुइट व्हायचं होतं. संघाने त्याला घेतलं नाही. तो व्यापारी झाला. मग धंदा सोडून मनिलात फ्रान्सिस्कनांचा ब्रदर झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्तांबरोबर तो पुन्हा जपानला गेला, जपानी येत होतं म्हणून दुभाषा बनून, थेट जपानचा सत्ताधीश हिदेयोशीच्या दरबारात. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं आणि पाद्र्यांवरच्या संशयाचं वारं फिरलं. गोन्सालो आणि त्याचे सोबती पकडले गेले. या कैद्यांच्या कानांचे तुकडे कापले आणि भर हिवाळ्यात त्यांना क्योटोपासून नागासाकीपर्यंत नेलं. नाकारल्याचा सल त्या व्यापाराच्या वर्षांत गेला होता का? महिनाभराच्या वाटेवर एकदाही वसई आठवली नसेल?

एवढ्याने निंदा होत नाही. गेथसेमनीच्या बागेत खुद्द येशू व्याकूळ होतो आणि पेत्र तीनदा त्याला नाकारतो. ही दोन्ही प्रकरणं शुभवर्तमानातच आहेत. घाबरलेला संत पाखंडी ठरत नाही. रूढ श्रद्धेला खरा धक्का देतो शुसाकू एन्डो.

एन्डो जपानी कॅथलिक, लहानपणी बाप्तिस्मा झालेला. त्याची ‘सायलेन्स’ ही कादंबरी १९६६ ची आणि तीही नागासाकीच्याच मुलखातली, गोन्सालोनंतर चार दशकांची. १६३३ मध्ये क्रिस्तोव्हाव फरेरा या जेजुइटाने छळापुढे धर्मत्याग केला, हा इतिहास. त्याच्या शोधात आलेला तरुण पाद्री हे एन्डोचं पात्र, आणि त्याचं नाव रॉड्रिग्ज. वसईत हे आडनाव किती घरांवर आहे! दुसऱ्यांचा छळ थांबवायचा तर ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायचा, अशी अट त्याच्यापुढे येते. आणि त्या क्षणी ख्रिस्तच त्याला पाय ठेवायला सांगतो.

रक्तसाक्षींच्या वंशजांना हे झोंबलं. नागासाकीतल्या अनेक कॅथलिकांना कादंबरी रुचली नाही, आणि त्यांचं दुःख खरं होतं: ज्यांच्या पूर्वजांनी पाय ठेवण्यापेक्षा मरण घेतलं, त्यांना हा ख्रिस्त परका वाटणारच. तरी एन्डोने रक्तसाक्षींना कुठे लहान केलेलं नाही. त्याला मोडलेल्या माणसासाठीही जागा हवी होती.

लिहिणाऱ्याने शिकायचं ते त्याच्या बांधणीतून. सुरुवातीला रॉड्रिग्जची पत्रं, ‘मी’ने भरलेली, आत्मविश्वासाने टणक. पुढे निवेदन तृतीयपुरुषी होतं. शेवटी उरते कैद्यांवरच्या अधिकाऱ्याची कोरडी नोंदवही, तिच्यात तो दुरून दिसतो. पुस्तक पुढे जातं तसा लेखक पात्रापासून मागे सरतो; मत लादायचा मोह झाला असेल तर तो इथे आवरला आहे. बंडखोर भाष्य ओरडून सांगणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. एवढा संयम विरळा.

तेव्हा नंदाखालच्या वाचकाने बेधडक लिहावं, पण क्रुसापासून सुरुवात करू नये. गोन्सालो व्यापारी होता, त्या काळापासून करावी.

मार्टिन स्कॉर्सेसीचा २०१६ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांनीही कादंबरी वाचावी. मेलेल्या रॉड्रिग्जच्या हातात लपवलेला छोटा क्रूस फक्त पडद्यावर आहे. एन्डोच्या पुस्तकात तो नाही.